दार मी लावलं होतं

दसरा उलटला की आमच्याकडे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. फुलं नव्हेत ती. कापसाच्या गाड्या खच्चून भरून जातात आणि जाता जाता बाभळीच्या काट्यांना थोडा थोडा कापूस देऊन जातात. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो आहेत, पण बाभळींचा वाटा कुणी चुकवलेला नाही. सकाळी फिरायला निघालो की मी त्या बाभळींपाशी थांबतो. गुडघ्यांना विसावा हवा असतो, हे एक कारण. दुसरं कारण मी यंदापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

वावरात बाया उतरलेल्या असतात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला बांधलेली ओटी. वेचलेला कापूस ओटीत साठत जातो आणि दुपारपर्यंत एकेक बाई पोटुशी दिसायला लागते. त्यावरून त्यांची आपसात चाललेली थट्टा रस्त्यापर्यंत ऐकू येते. परवा एका म्हातारीनं शेजारच्या सुनेला विचारलं, "काऊन वं, कितवा महिना?" ती मान वर न करता म्हणाली, "मालकाले इचार. संध्याकाळी तोच वजन करते." सगळं वावर हसलं. हात मात्र कुणाचेच थांबले नाहीत.

बोलताना, हसताना, भांडताना या बायांचे हात थांबत नाहीत, हे मला माणिकमास्तरांनी दाखवलं. त्याआधी जन्मभर मी ते पाहत होतो, पण मला दिसलं नव्हतं.

माणिकमास्तर आमच्याच गावचे. पिंपळगाव राजापासून आमचं गाव लांब नाही. मिसरूड फुटायच्या आधीच ते एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघून गेले, आणि परत आले तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. मधली सगळी वर्षं रंगमंचावर गेली. तरुणपणी त्यांनी बायकांची कामं केली, पुढे बापांची, दिवाणांची, म्हाताऱ्या राजांची. मग कंपनी मोडली, घसा बसला आणि ते धाकट्या भावाकडे येऊन राहिले. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि दाराबाहेर ठेवायच्या दोन चपला. गावाला वाटलं, म्हातारा आता ओट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगेल. म्हाताऱ्यानं भावाचा कापसाचा कोठा मागून घेतला, झाडून काढला आणि गावातली पोरं गोळा केली.

तो कोठा मी अजून वासानं ओळखीन. सरकीचा तेलकट वास, गोणपाटाचा वास आणि कंदिलाच्या काजळीचा. एका भिंतीला वर्षभर थोडा कापूस पडलेला असायचा. पडायचं कसं हे आम्ही त्याच ढिगावर शिकलो. आरसा मास्तरांनी आणू दिला नाही. आरशात पाहून केलेलं काम आरशालाच आवडतं, म्हणायचे. कंपनीत शिकलेली त्यांची भाषा शुद्ध, घोटीव होती. पाहुण्यांशी ते तसं बोलत. आमच्याशी बोलताना मात्र ते सरळ गावच्या बोलीवर यायचे, आणि आम्हालाही आधी घरच्या बोलीत बोलून पाहायला लावायचे. राजाचं भाषण असो की भिकाऱ्याचं, पहिल्यांदा ते आपल्या आईला सांगितल्यासारखं सांगायचं. पोटातून आलं की मग त्यावर नाटकाची भाषा चढवायची. असं शिकवणारा माणूस मला पुढे भेटला नाही. मी स्वतः आयुष्यभर शाळामास्तर होतो, तरी हे म्हणतो.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. मास्तरांनी स्वतः लिहिलेलं एक सामाजिक नाटक दत्तजयंतीच्या यात्रेत करायचं ठरलं होतं. त्यात यमुना नावाची एक बाई होती. नवरा शहरात पळून गेलेला, आणि ती कापूस वेचून पोर वाढवते. गावातली कुठली मुलगी तेव्हा स्टेजवर येणार? मास्तर म्हणत होते की अकोल्याहून एखादी नटी आणू, किंवा यमुनेला पडद्याआडच ठेवू, तिचा फक्त आवाज येऊ दे. मला पाटलाच्या पोराचं काम होतं. काठी आपटून दोनतीनदा ओरडायचं आणि निघून जायचं.

इथून पुढचं नीट लिहिलं पाहिजे, कारण गावाला माहीत आहे ते वेगळं आहे.

मी मास्तरांच्या मागे लागलो. संध्याकाळी सगळे घरी गेले की मी थांबायचो आणि म्हणायचो, यमुना मला द्या. ते नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. त्यांनी मला समजावलं की कंपनीत गोष्ट वेगळी असते, तिथे सगळेच नट. गावात ते काम अंगाला चिकटतं, तुझ्या घरचे काय म्हणतील, तुझ्या लग्नाचं पाहतायत. मी ऐकलं नाही. शेवटी मी त्यांच्यासमोर यमुनेचा एक प्रवेश न विचारताच करून दाखवला. त्यांनी कंदिलाची वात वर केली. मग म्हणाले, "बाई दाखवून राह्यला तू. बाई नको दाखवू. जे काम ती करून राह्यली, ते काम दाखव."

आणि त्यांनी मला वावरात पाठवलं. माझ्या आईच्या मागे.

त्या वर्षीची वेचणी मी आईच्या मागून चालत पाहिली. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी तिच्या बोटांच्या कडा चिरलेल्या असायच्या. त्यावर ती सकाळी तेल लावायची. डावा हात फांदी वळवायचा, उजवा कापूस काढायचा, आणि ओटी भरत आली की ती किंचित मागे रेलून चालायची. एकदा माझा मामा वारल्याचा निरोप तिला वावरातच आला होता. मी तेव्हा लहान होतो. निरोप्या बोलत राहिला आणि ती वेचत राहिली. आपल्या ओळीची पात धुऱ्याच्या बांधापर्यंत संपवली, ओटी सोडून गंजीवर रिकामी केली आणि मग खाली बसली. हे मी विसरलो होतो. मास्तरांनी विचारलं, आईला कधी मोठं दुःख झालेलं पाहिलंस का, तेव्हा आठवलं. सांगताना मला रडू आलं. मास्तर म्हणाले, "आता तू रडला. स्टेजवर नको रडू. तिचे हात चालू दे."

कोठ्याला दोन फळ्यांचं दार होतं. मास्तर ते नेहमी सताड उघडं ठेवायचे. येणारे जाणारे डोकावायचे, शेरडं आत यायची, बाया पाण्याला जाताना उभ्या राहून पाहायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मास्तरांना ते चालायचं. पण यमुनेची तालीम सुरू झाली आणि मला ते दार नकोसं झालं. माझा थोरला भाऊ त्याच वाटेनं बैल घेऊन यायचा. त्यानं मला लुगड्यात पाहिलं असतं तर, या विचारानं मी वाक्यं विसरायचो. मी उठून दार लावलं आणि कडी घातली.

मास्तर म्हणाले, "उघडं राहू दे बे. लाजाचं असंल तं आत्ता लाजून घे. स्टेजले दार नसते."

मी हात जोडले. म्हणालो, यात्रेपर्यंत तरी राहू द्या. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. फक्त आपली बसायची गोणी उचलली आणि दाराला अगदी लागून ठेवली. कुणी हाक मारली तर लगेच कडी काढता यावी म्हणून. रोज ते तिथेच बसायचे, माझ्यापासून कोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून ओरडून सूचना करायचे. बसलेल्या घशानं. बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तेव्हा मला ते वेडगळ वाटायचं. आज कळतं, त्या माणसानं दाराची काळजी माझ्यापेक्षा जास्त केली होती.

यात्रेतला प्रयोग गाजला. गाजला म्हणजे काय, तर यमुनेला वावरात वाईट निरोप येतो त्या प्रवेशात मी वेचत राहिलो आणि समोरचा बायकांचा घोळका गप्प झाला. फुगेवाल्याची पिपाणी तेवढी लांब कुठेतरी वाजत होती. मी आजवर पुष्कळ टाळ्या ऐकल्या. तशी शांतता नाही ऐकली. घरी आलो तर आई चुलीपाशी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माहे हात चोरले का रे तुनं?" रागावली होती की नाही, मला अजून ठरवता येत नाही. भाकरीवर तिनं लोणी जास्त घातलं, एवढं खरं.

मला ते काम आवडलं होतं. लुगड्यात उभं राहणं, त्या बाईच्या चालीनं चालणं, सगळं आवडलं होतं. हे लिहून झाल्यावर मी थोडा वेळ हात थांबवून बसलो.

पुढे पानठेल्यावर पोरं "काय यमुनाबाई, चहा घेता का" म्हणू लागली. भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला. माघात धाडहून पाहुणे आले, मुलीकडचे. बैठकीत वडील, काका, भाऊ, गावातले चारपाच जण. पोहे झाले, चहा झाला, शेतीचं बोलणं झालं. मग मुलीचे वडील हसत म्हणाले, "यात्रेत लुगडं नेसून काम करणारा पोरगा, तो हाच का हो?"

वडिलांनी सतरंजीकडे पाहिलं. भावानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी बोललो.

मी म्हणालो, "मला नव्हतं करायचं. मास्तरांनी बळंच करायला लावलं. दार लावून तालमी घ्यायचे."

एवढंच. दार लागलेलं होतं, यात खोटं काहीच नव्हतं. कुणी लावलं, तेवढं मी बदललं. बैठकीत गावातले ते चारपाच जण एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहत होते ती मी पाहिली. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. नाही कळला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. कळला होता. अडवायला फक्त तोंड उघडायचं होतं. मी सुपारी उचलली.

लग्न ठरलं. आणि पुढच्या बाजारापर्यंत ते वाक्य गावभर झालं. प्रत्येक तोंडात त्याला आणखी काही चिकटत गेलं. एकटा माणूस, लग्न नाही केलं, जन्मभर बायकांची कामं केली, दार लावून घेतो. पोरांचे बाप एकेक करून पोरांना थांबवू लागले. मास्तरांचा धाकटा भाऊ त्यांना म्हणाला की यंदा कापूस फार आहे, कोठा लागेल. त्या वर्षी कापूस फार नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं, नव्हता.

मास्तर खामगावला एका पुतणीकडे जाणार होते, त्या दिवशी मला फाट्यावर दिसले. एस.टी.ची वाट पाहत पेटीवर बसले होते. मला वाट बदलता आली नाही. जवळ गेलो तर त्यांचे ओठ हलत होते, कुठल्यातरी जुन्या नाटकातलं म्हणत असावेत. मला पाहून थांबले. लग्न कधी आहे, विचारलं. मी सांगितलं. मग मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. तालमीत चुकलं की करायचे तसा.

"लोकं आले होते माह्याकडं इचाराले," ते म्हणाले. "दार कोणं लावलं ते म्या कोणाले सांगतलं नाई. तुहं लग्न मोडलं असतं. आता जमलं ना? मंग बस्स."

एस.टी. आली. पेटी वर चढवायला मी हात लावला, तेवढा त्यांनी लावू दिला. ते पुढे काही वर्षांनी खामगावलाच वारले. तिथे त्यांनी कुणालाही शिकवलं नाही, असं ऐकलं. निरोप आला तेव्हाही वेचणीचेच दिवस होते. मी तेव्हा वरवट बकालकडच्या एका शाळेत होतो आणि स्नेहसंमेलनाचं नाटक बसवत होतो. मी गेलो नाही. तालीम थांबवलीही नाही. मास्तरांनी हात चालू ठेवायला शिकवलं होतं, आणि मी त्या शिकवणीचा असा उपयोग केला.

पुढे मी नाटकं बसवणारा गुरुजी म्हणून जिल्ह्यात थोडाफार ओळखला गेलो. पोरांना आधी घरच्या बोलीत बोलायला लावायचो. आरसा काढून ठेवायचो. लोक विचारायचे, गुरुजी, हे कुठं शिकलात? मी म्हणायचो, असंच, पाहून पाहून. एका सत्कारात तर भाषणात म्हणालो की माझा गुरू म्हणजे माझं निरीक्षण. टाळ्या पडल्या होत्या.

हे सगळं माझ्याबरोबर गेलं असतं. पण यंदा आमच्या गावच्या शाळेत नवीन रंगमंच बांधला. चांगला बांधला आहे, वर पत्रा, बाजूला कपडे बदलायच्या खोल्या. सोनोने मॅडम म्हणून एक तरुण शिक्षिका आहेत. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून माणिकमास्तरांची माहिती गोळा केली आणि शाळा समितीच्या बैठकीत सुचवलं की रंगमंचाला मास्तरांचं नाव द्यावं. मला त्या बैठकीला मुद्दाम बोलावलं होतं, मास्तरांचा हयात असलेला शेवटचा विद्यार्थी म्हणून. पुंडलिकराव समितीत आहेत, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "माणूस मोठा होता, पण पोरापोरींची शाळा हाये. त्याच्याबद्दल काय काय बोलत होते ते आठवा. गुरुजीले इचारा, गुरुजी होते त्याच्यापाशी."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे."

सोनोने मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढच्या बैठकीत दुसरं नाव पाहू, असं ठरलं. मी घरी आलो. म्हणजे तरुणपणी एकदा केलं ते लग्नासाठी केलं, असं तरी म्हणता येत होतं. आता या वयात मला कुठलं लग्न मोडायचं राहिलं होतं?

दिवाळीच्या सुमारास मी बायकोला सांगितलं. तीच ती धाडची मुलगी. ती शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं, पार कडी घातल्यापासून. तिचे हात चालूच होते. शेवटी मी तिला विचारलं, जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं, की तुझ्या वडिलांनी तेव्हा टोमणा मारला होता का. त्यांना ते लुगड्याचं काम खटकलं होतं का.

ती म्हणाली, "आता कसं सांगू? बाबा तं सगळंच हासून इचारत. जेवले का तेही हासूनच, अन् मेलं कोण तेही हासूनच."

मग फोलपटं झटकत म्हणाली, "मले कोणी इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं. तुमी घरी एकटे असले का कशे चालता, ते मले माहीत नाई का?"

मी तिला म्हटलं की मी हे सगळं लिहून काढणार आहे, पुढच्या दिवाळी अंकाला पाठवीन, गावाच्या मंडळाला देईन. तिनं मान हलवली. "लिहा. पण आंदी तिथं जाऊन तोंडानं सांगा. बोलले होते तं तोंडानंच ना?"

गेल्या आठवड्यात बैठक होती. शाळेच्या त्या खोलीबाहेर रस्ता आहे, आणि कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग जिनिंगच्या कारखान्याकडे चालली होती. मी उभा राहिलो. पुंडलिकराव समोर, सोनोने मॅडम कडेला, बाकीचे मोबाईलमध्ये. मी म्हणालो, माणिकमास्तरांबद्दल गावात जे बोललं गेलं ते माझ्या तोंडून निघालेलं आहे आणि ते खोटं आहे. यमुनेचं काम मी मागून घेतलं होतं. ते नको म्हणत होते. इतकं बोललो. बाहेर ट्रॅक्टरचा धडधडाट वाढला. मागून कुणीतरी म्हणालं, गुरुजी, ऐकू येत नाही. शिपाई दार ओढून घ्यायला उठला.

मी त्याला म्हटलं, "राहू दे रे, उघडंच राहू दे."

आणि मास्तर दारापाशी बसून ओरडायचे तसं, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मी पुढचं सांगायला लागलो.